परतीच्या टोकापासून

माझ्या संगणकात 'एल्क २०१९' नावाची एक फाइल अजून आहे. अकरा रकाने, नऊ दिवस, खर्चाची वेगळी शीट. ती करताना मला वाटत होतं की एका म्हाताऱ्या शेजाऱ्यावर मी उपकार करतो आहे. खरं काय झालं, ते आज लिहायला बसलो आहे. सहा वर्षं लागली, कारण त्यात माझी बाजू लंगडी आहे.

मी नाशिकचा. २००९ साली नोकरीसाठी मिशिगनमध्ये लॅन्सिंगजवळ आलो. पहिल्याच नोव्हेंबरात एका संध्याकाळी शेजारच्या गॅरेजमध्ये छताला टांगलेलं हरीण दिसलं आणि मी आमच्या खिडकीचा पडदा ओढून घेतला. मिशिगनमध्ये बंदुकीने हरणाची शिकार १५ नोव्हेंबरला सुरू होते. त्या दिवशी अनेकांची रजा ठरलेली असते, हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. शिकार म्हटलं की डोळ्यांसमोर यायचे ते वाघावर पाय ठेवून उभे असलेल्या संस्थानिकांचे फोटो. या शेजाऱ्याला मी चार वर्षं हात वर करून 'हॅलो' म्हणण्यापलीकडे ओळख दिली नाही. आमच्या दारातला बर्फ कित्येकदा आम्ही उठायच्या आत काढलेला असायचा. तो कोण काढतं, हेही मी विचारलं नाही.

डिसेंबर २०१३ मध्ये बर्फाचं वादळ आलं. पावसाचं पाणी पडता पडता गोठत होतं, झाडं तारांवर कोसळली आणि आमच्या भागातली वीज कित्येक दिवस गेली. आमची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. दुसऱ्या रात्री घरात तोंडातून वाफ निघायला लागली, तेव्हा दारावर थाप पडली. "माझ्याकडे लाकडाची शेगडी आहे. मुलीला घेऊन या," एवढंच तो म्हणाला. आम्ही त्याच्याकडे चार रात्री राहिलो. हरणाचं मांस त्याने बाहेरच्या फ्रीझरमधून घरात आणलं नाही. चार दिवस नवरा-बायकोने आमच्याबरोबर उकडलेले बटाटे आणि डब्यातला राजमा खाल्ला. तो मोटारींच्या कारखान्यात साचे बनवून निवृत्त झालेला होता. त्याला नावाने हाक मारणं मला जमेना, 'मिस्टर' म्हटलेलं त्याला चालेना. चौथ्या दिवशी माझ्या तोंडून 'काका' निघून गेलं. त्याचा अर्थ विचारून घेतल्यावर तो म्हणाला, "हे चालेल." तेव्हापासून ते आमचे काका.

काकांना एकच हौस होती. पश्चिमेच्या डोंगरात जाऊन एकदा एल्कची शिकार करायची. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या गोतातलं, पण त्याहून मोठं जनावर. नराचं वजन सातशे पौंडांपर्यंत जातं, मादीचं पाचशेच्या आसपास. त्याचं दुसरं नाव वापिती, शॉनी लोकांच्या भाषेतलं. त्याचा अर्थ पांढऱ्या ढुंगणाचा. मिशिगनमधले मूळचे एल्क शिकारीनेच संपले होते. १९१८ साली पश्चिमेकडून सात जनावरं आणून सोडली, त्यांची प्रजा आज राज्याच्या उत्तरेला आहे. तिथला परवाना सोडतीने मिळतो. काका दरवर्षी अर्ज करत होते आणि दरवर्षी नाव येत नव्हतं. कोलोरॅडोला जायचं तर आधी मुलं लहान होती, मग कारखान्यात कपात झाली, मग काकूंचं आजारपण. २०१७ मध्ये काकू गेल्या. पुढच्या डिसेंबरात काका एक घडीला फाटलेला नकाशा घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आले. "हल्ली हे सगळं संगणकावर करावं लागतं म्हणे. मी बहात्तर वर्षांचा आहे. जाईन तर येत्या ऑक्टोबरात."

माझी नोकरीच प्रकल्पांचं नियोजन करण्याची. मी पंधरा दिवसांत फाइल तयार केली. कोलोरॅडोत एल्क सर्वांत जास्त, पावणेतीन लाखांच्या वर, म्हणून कोलोरॅडो. वायोमिंगमध्ये बाहेरच्या माणसाला राखीव अरण्यात वाटाड्याशिवाय मोठी शिकार करता येत नाही, म्हणून ते बाद. मग ज्या भागात मोठे नर जास्त, रस्ते कमी आणि गर्दी नाही, असा अकरा हजार फुटांवरचा एक भाग मी निवडला. फाइल छापून, पिना मारून काकांपुढे ठेवली. कौतुकाची वाट बघत होतो.

काकांनी ती सावकाश शेवटच्या पानापर्यंत वाचली. मग चष्मा काढून विचारलं, "तो इथे पडला, तर खाली आणणार कोण?"

माझ्या अकरा रकान्यांत ते कुठेच नव्हतं. जनावर दिसणं आणि गोळी सुटणं इथे माझी योजना संपत होती. काकांची तिथून सुरू होत होती. कोलोरॅडोच्या कायद्याने खाण्याजोगं मांस रानात टाकून येता येत नाही. चारही तंगड्या आणि पाठीचं मांस आणावंच लागतं. मादीचंसुद्धा हाडं काढून दीडशे पौंडांच्या आसपास मांस निघतं. एका माणसाच्या पाठीवर त्याच्या तीन-चार खेपा होतात, आणि प्रत्येक खेप म्हणजे डोंगर उतरणं आणि पुन्हा चढणं. शिवाय एल्कचं कातडं इतकं जाड की ते लवकर उतरवून मांस गार केलं नाही तर थंडीतही आतून खराब होतं. "आधी परत कसं यायचं ते ठरव," काका म्हणाले, "मग कुठे जायचं ते आपोआप ठरतं."

आम्ही फाइल उलट्या बाजूने पुन्हा लिहिली. घोड्यावरून मांस उतरवून देणारा नोंदणीकृत आउटफिटर कुठे मिळतो, तिथून सुरुवात. ट्रक जाईल असा रस्ता कुठे, तिथे तंबू. तंबूपासून काकांच्या गुडघ्याला झेपेल एवढ्या अंतरावर बसायची जागा. असं मागे मागे येत आम्ही मीकर गावाजवळच्या फ्लॅट टॉप्स डोंगरांच्या पायथ्याशी पोचलो. तंबू नऊ हजार फुटांवर. काका आणि त्यांच्या पुतण्याला, दोघांनाही परवाने मादीचे. शिंगांचा मोह माझाच होता, काकांना तो कधी नव्हता. कळपाची संख्या ताब्यात ठेवायला माद्यांचे परवाने काढतात, ते मिळायला तुलनेने सोपे आणि मांसही कोवळं.

त्याच भागात ट्रॅपर्स लेक नावाचं तळं आहे. १९१९ साली वनखात्याने आर्थर कारहार्ट नावाच्या तरुण आखणीकाराला तिथे उन्हाळी घरांचे प्लॉट पाडायला पाठवलं. तो परत आला आणि म्हणाला, इथे काहीच बांधू नका. ही गोष्ट मला काकांनीच सांगितली, आणि माझ्या पहिल्या फाइलवर बोट ठेवून हसले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्जाची मुदत होती. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. काका १९४६ चे. "बघ, मी त्यांच्या कायद्यापेक्षा म्हातारा आहे," म्हणून ते खूश झाले. परवान्याच्या पैशातले पंचवीस सेंट डोंगरात हरवलेल्यांना शोधण्याच्या निधीत जातात, हे वाचून म्हणाले, "सर्वांत स्वस्त तेवढंच." जूनमध्ये परवाने लागल्याचं कळलं.

मग तयारी. डॉक्टरांनी ट्रेडमिलवर चालवून काकांचं हृदय तपासलं. आमचा भाग सपाट, डोंगर नाही. म्हणून आम्ही शाळेच्या फुटबॉल मैदानावरच्या बाकांच्या पायऱ्या चढायचो. पाणी मऊ करायच्या यंत्राला लागणाऱ्या मिठाची चाळीस पौंडांची पोती इथे मिळतात. काकांनी त्यातलं दहा पौंड मीठ जुन्या उशीच्या अभ्र्यात भरून पाठीवर घेतलं आणि दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं वाढवत नेलं. नेमबाजीच्या मैदानावर ते नऊ इंची कागदी ताटली लावायचे. गोळी काळीज आणि फुप्फुसांच्या जागेतच बसायला हवी. ताटल्या बदलायचं काम माझं. उभ्या उभ्या नाही, टेबलावर टेकूनही नाही. आधी मैदानाला एक फेरी मारून धापा टाकत यायचं, खाली बसून काठ्यांच्या तिकाटण्यावर बंदूक ठेवायची आणि तीन गोळ्या झाडायच्या. तिन्ही ताटलीत बसल्या तरच ते अंतर आपलं. ऑगस्टअखेर त्यांनी दोनशे यार्डांवर रेघ मारली. तीनशेवर तीनांतल्या दोन बसत होत्या. "तिसरी कुठे गेली असती?" एवढं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला.

योजनेत माझी स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट होती. एक रात्र डेन्व्हरला, पाच हजार फुटांवर; दोन रात्री मीकरला, सहा हजारांवर; मगच नऊ हजारांवर तंबू. त्या तीन रात्रींबद्दल मी इतका हट्ट केला की काकांनी कारण विचारलं. तेव्हा मला लेहची गोष्ट सांगावी लागली.

२०१५ साली मी वडिलांना, म्हणजे नानांना, आणि आईला इथून लडाखची सहल काढून दिली होती. नाना तेव्हा सत्तर वर्षांचे. विमानाने थेट साडेअकरा हजार फुटांवर. कार्यक्रमात पहिले दोन दिवस विश्रांतीचे होते. त्यातला एक मीच काढायला लावला. एका दिवसाचे पैसे आणि एक ठिकाण वाढत होतं. दुसऱ्या दिवशी खारदुंग ला, साडेसतरा हजार फूट. त्या रात्री नानांना हॉटेलच्या खोलीत ऑक्सिजन लावावा लागला. मला कळलं तिसऱ्या दिवशी, तेही आईकडून. नाना फोनवर म्हणाले, "फोटो चांगले आलेत."

काकांनी ऐकून घेतलं. बऱ्याच वेळाने विचारलं, "वडिलांना तिथे जायचं होतं का?"

मी विचारलंच नव्हतं. परदेशातला मुलगा आई-बापाला काहीतरी मोठं दाखवतो, म्हणून दाखवलं होतं. काकांनी पुढे काही म्हटलं नाही. नकाशावर डेन्व्हरपाशी पेन्सिलीने एक गोल केला, मीकरपाशी दोन.

ऑक्टोबरच्या उत्तरार्धातला नऊ दिवसांचा हंगाम शनिवारी सुरू होणार होता. आम्ही तिघांनी काकांच्या ट्रकमधून आदल्या सोमवारी निघायचं ठरलं होतं. ऐनवेळी ऑफिसात एक काम अडलं. मी म्हटलं, तुम्ही पुढे व्हा, मी रविवारी विमानाने येतो. डेन्व्हरला उतरून भाड्याची गाडी घेतली आणि थेट तंबूवर गेलो. तीन रात्रींची विश्रांती मी त्र्याहत्तर वर्षांच्या माणसासाठी लिहिली होती. मी चाळिशीतला. मला कशाला?

संध्याकाळी मी मोठ्या दिमाखात कुकर काढला. तेवढ्या उंचीवर पाणी एक्क्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ शिजतच नाही, हे मला ठाऊक होतं. फ्लॅट टॉप्सच्या पायथ्याशी कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या. पुतण्या म्हणाला, आता दहा मैलांत एल्क उरला नसेल. दोघांनी खिचडी चाटूनपुसून खाल्ली. मला मात्र घास जाईना. डोकं कवटीतून बाहेर येईल असं ठणकत होतं. रात्री दोनदा ओकलो. प्रवासाचा शीण म्हणून गप्प पडून राहिलो.

पहाटे चारला काका उठले. पुतण्या डोंगरावर निघून गेला. काकांनी कंदील माझ्या तोंडाशी धरला आणि तंबूच्या खांबाला टाचलेला माझाच कागद काढला. पान चौथं, 'उंचीचा त्रास : लक्षणं'. ते काकांसाठी मी ठळक अक्षरांत छापलेलं होतं. ते एकेक ओळ मोठ्याने वाचत गेले आणि मी मान हलवत गेलो. शेवटची ओळ होती, सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालता येत नसेल तर लगेच खाली उतरावं. काकांनी जमिनीवर दोरी अंथरली. तिसऱ्या पावलाला मी कलंडलो.

"चल," काका म्हणाले. त्यांच्या अंगावर नारिंगी जाकीट होतं, बंदूक पुसून ठेवलेली होती, थर्मास भरलेला होता. हंगामाचा तिसरा दिवस. चाळीस वर्षं वाट पाहिलेली ती जागा पाऊण तासाच्या चालीवर होती. त्यांनी बंदूक पेटीत ठेवून कुलूप लावलं आणि मला ट्रकमध्ये बसवलं.

मीकरला पोचेपर्यंत डोक्याचा ठणका निम्म्यावर आला. डॉक्टरांनी तपासून दोन दिवस विश्रांती सांगितली आणि पुन्हा वर जायचं नाही म्हणाले. मी काकांना म्हटलं, आता मी बरा आहे, तुम्ही जा. एकदा नाही, दहादा म्हटलं. ते मोटेलच्या खुर्चीत बसून राहिले. "रात्री उलटी झाली तर कोण उठेल?" सोमवार गेला, मंगळवार गेला. रात्रीत वर बर्फ पडला. शिकारी ज्याची वाट बघतात, तसा. मंगळवारी दुपारी काका गावातल्या जुन्या हॉटेलात मला पाय मोकळे करायला घेऊन गेले. तिथे भिंतीवर एल्कची मुंडकी लावलेली आहेत. त्यांच्याखाली ते हात मागे बांधून बराच वेळ उभे होते. त्या वेळी मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

त्याच दुपारी पुतण्याला मादी मिळाली. काकांनी महिनोन्महिने नकाशावर हेरलेल्या त्या कुरणातच बर्फामुळे खाली आलेला कळप उभा होता. घोडे आले, मांस उतरलं, कापडी पिशव्यांत टांगलं गेलं. योजना पानापानाने बरोबर निघाली, फक्त ज्याच्यासाठी केली तो माणूस माझ्या उशाशी होता.

त्या रात्री मी नानांना फोन लावला आणि चार वर्षांपूर्वी विचारायचं ते विचारलं. त्या रात्री लेहला कसं वाटत होतं? नाना आधी टाळू लागले. मग म्हणाले, "खिडकीचे चौकोन मोजत होतो. चोवीस होते. तुझी आई फोन करू म्हणाली, मीच नको म्हटलं. तू ऑफिसात असशील." मी मोटेलच्या खिडकीकडे बघत राहिलो. काका दुसऱ्या पलंगावर घोरत होते.

बुधवारी मी धडधाकट आहे अशी खात्री करून काका वर गेले. उरलेले दिवस ते रोज बसले. एल्क दिसले नाहीत. बर्फ वितळून कळप पांगले होते. तसंही पाच शिकाऱ्यांत एखाद्यालाच एल्क मिळतो, हे वाक्य माझ्याच फाइलमध्ये पहिल्या पानावर आहे. पण मला त्यामागे लपता येत नाही. रविवारी संध्याकाळी ते उतरले तेव्हा मी रस्त्याच्या टोकाला गाडी लावून उभा होतो. माफी मागायला वाक्यं जुळवून ठेवली होती. काकांनी माझ्या हातात कुकर दिला. "याच्यात राजमा फार छान होतो," म्हणाले.

चौदाशे मैल परत येताना ट्रकमध्ये पुतण्याच्या मादीचं मांस होतं. कणा आणि डोकं वगळून, हाडं काढलेलं. हरणांमधल्या एका मेंदूच्या रोगामुळे अख्खं जनावर मिशिगनमध्ये आणायला बंदी आहे. हेही काकांनी आधीच परतीच्या पानावर लिहायला लावलं होतं. पुढच्या वर्षी साथ आली, त्याच्या पुढच्या वर्षी त्यांचा दुसरा गुडघा बदलला. ते पुन्हा कोलोरॅडोला गेले नाहीत. आता ते एकोणऐंशी वर्षांचे आहेत आणि नोव्हेंबरात घराच्या मागच्या रानात हरणासाठी बसतात. त्या दोन दिवसांबद्दल त्यांनी मला, किंवा माझ्यासमोर इतर कुणाला, एक शब्द ऐकवलेला नाही. तो ऐकवला असता तर मला बरं वाटलं असतं. ऋण थोडं तरी फिटलं असतं.

जानेवारी २०२३ मध्ये नाशिकला गेलो तेव्हा मी नानांना विचारलं, "तुम्हाला कुठे जायचं आहे?" ते चकित झाले. दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, "सप्तशृंगीला. पायऱ्या चढून." गडावर आता फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, मिनिटांत वर नेते. पूर्वी मी तिचंच तिकीट काढून दिलं असतं आणि वेळ वाचवला असता. या वेळी कागद घेतला आणि उतरण्यापासून सुरुवात केली. गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड, म्हणून उतरताना ट्रॉली. ट्रॉलीला गर्दी व्हायच्या आत वर पोचायचं, म्हणून पहाटे निघायचं. पहाटे निघायचं म्हणून आदल्या रात्री मुक्काम गडावर.

पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत. नाना दर चाळीस पायऱ्यांनी बसत होते, मी शेजारी बसत होतो. एरवी आम्ही फोनवर पाच मिनिटं बोलतो. त्या दिवशी दोन तास बोललो, निम्मा वेळ काहीच न बोलता. वर पोचल्यावर नानांनी देवीपुढे हात जोडले, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "लेहला दम लागला होता, तसा नाही लागला."

संध्याकाळी मिशिगनला फोन केला. तिकडे सकाळ होती, काका कॉफी पीत होते. म्हटलं, नाना वर गेले, पायऱ्या चढून, स्वतःच्या पायांनी. ते थोडा वेळ थांबले.

"छान," म्हणाले. "आणि उतरले कसे?"